एक कॅबिनेट आणि तीन मास्टर

आमच्या गोडादऱ्यात दोन गोष्टी न बोलावता घरात येतात आणि साठत जातात. एक म्हणजे खालच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यातली रुई, आणि दुसरे मास्टर लोकांचे किस्से! आमच्याकडे तर मास्टर तीन. आमचे हे एम्ब्रॉयडरी मशीनचे मास्टर. ह्यांचे मित्र कैलासभाऊ पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कलरमास्टर. आणि माझे सासरे, आबा, कडोदऱ्याला पस्तीस वर्षं लूममास्टर. ह्या तिघांनी घरच्या घरी माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट 'बनवलं', त्याची ही गोष्ट. तुम्ही खुशाल हसा, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

सहा वर्षं मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवले. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग हट्टानं पंचिंग शिकले. मशीननं कुठं कसा टाका घालायचा, ते कॉम्प्युटरवर आखून द्यायचं काम. गुजराती शेठनं घागऱ्याचं मोठं डिझाइन दिलं आणि महिन्याची मुदत. "बेन, थई जशे ने?" मी म्हटलं, "थई जशे." होईल म्हणजे होईल! वेळेवर झालं तर कायमचं काम, नाही तर परत खडे आणि फेव्हिकॉल! आणि आमचा जुना कॉम्प्युटर रोज दुपारी फट्‌दिशी बंद.

*

पहिल्या रविवारी ह्यांनी कॅबिनेट उघडलं. आत रुईची ही एवढी गोधडी! वर माझ्याच चार टिकल्या चमकत होत्या.

"ह्याला हवा पाहिजे. बाजूला भोक पाडून मोठा पंखा बसवतो," हे म्हणाले. स्क्रू हरवू नयेत म्हणून माझा मिसळणाचा डबा घेतला. मोठे स्क्रू हळदीच्या वाटीत, बारके मोहरीच्या. का, तर वाट्या धुऊन ठेवल्या होत्या म्हणे! काम झाल्यावर स्क्रू मोजून काढले आणि वाट्या परत भरून ठेवल्या.

गुरुवारी मी फोडणी केली. सगळी मोहरी तडतडली, एक काही तडतडेना. झाऱ्यानं उचलून पाहिलं.

"अगं, हाच तर शोधत होतो!" आमचे हे.

*

भोकाचं ऐका. माझ्या डब्याचं झाकण ठेवून पेन्सिलीनं गोल आखला आणि कटरनं पत्रा असा सुरेख कापला की मीसुद्धा वा म्हटलं. पंखा बसवायला गेले तर समोर आणखी एक पत्रा!

कॅबिनेटला दोन बाजू असतात. एका बाजूनं सगळे पार्ट दिसतात, दुसरीकडे नुसती वायरींची पाठ. आणि आमचे हे आयुष्यभर मशीनच्या पाठीमागं बसून काम करणारे! हात आपसूक पाठीकडेच गेला.

"अहो, पाठीला कशाला भोक पाडलंत?"

"मशीन मागूनच उघडतात," हे ठामपणे म्हणाले. जसं काही चूक कॉम्प्युटरचीच!

मग दुसरं भोक बरोबर बाजूला पाडलं. पहिल्या भोकावर मी मोर भरलेला सँपलचा तुकडा ताणून चिकटवला. येणारा जाणारा आधी मोरच बघतो आणि विचारतो, "हे डिझाइन कुठून केलं?" हे लगेच छाती पुढं काढतात.

*

पुढचं प्लास्टिकचं तोंड पिवळं पडलं होतं. मी स्प्रेचा रंग आणते म्हटलं, तर कैलासभाऊंना रागच आला.

"वहिनी, मी असताना स्प्रे? स्प्रे म्हणजे पावडर लावणं! मी डाय करून देतो, रंग आतपर्यंत जाईल."

माझ्या ब्लाउजपीसचा राणी कलर सोबत घेतला आणि ते तोंड मिलमध्ये नेऊन, साडीचं सँपल उकळतात तसं उकळलं. चार दिवसांनी पेपरात गुंडाळून आणलं. खोटं का बोला, रंग असा बसला होता की ब्लाउजपीस कुठला आणि प्लास्टिक कुठलं, कळेना. फक्त ते तोंड तळलेल्या पापडासारखं वाकलं होतं.

"भाऊ, हे आता बसणार कसं?"

कैलासभाऊंनी ते उजेडात धरलं, डोळे बारीक करून सगळीकडून न्याहाळलं आणि म्हणाले, "शेड पास. माल रिजेक्ट."

गरम पाण्यात घालून, पाट्याखाली दाबून आम्ही ते जरा सरळ केलं. तरी एक फट राहिलीच. तिथूनही हवा जाते म्हणून हे खूश!

*

आणि एवढं करून कॉम्प्युटर दुपारी बंद तो बंदच! मुदतीचे चार दिवस उरले होते. मला रडायला यायचं, पण त्याहून जास्त डोक्यात किडा वळवळायचा. हवा आत जाते तरी कुठं?

मी अगरबत्ती पेटवली आणि कॅबिनेटभोवती फिरवायला लागले. पंख्यापाशी नेली तर धूर आत जायच्या ऐवजी माझ्याच तोंडावर! पंखा उलटा बसवला होता. मागं, जिथं लाइटची वायर लागते त्या जाळीपाशी नेली, तर धूर नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "अहो, इथं काही हलत नाही." हे म्हणाले, "तो जुना पंखा, हळूच असतो."

तेवढ्यात शेजारची सविता साखर मागायला आली. मी कॅबिनेटभोवती अगरबत्ती फिरवतेय, कॅबिनेट राणी कलरचं, त्यावर मोर! तिनं चपला बाहेर काढल्या, हात जोडले. साखर घेऊन जाताना हळूच विचारलं, "ताई, आमचा टीव्हीपण लागत नाही. कोणत्या वारी करायचं?"

*

आता आबांचं सांगते. आबांना ऐकू येत नाही. लूमच्या खडखडाटात पस्तीस वर्षं काढली, कान तिथंच राहिले. घरी आल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. आम्ही ओरडून बोलतो, ते मान हलवतात. कॅबिनेटच्या ह्या सगळ्या गोंधळात ते एकदाही आत आले नाहीत, आणि कोणी त्यांना विचारलंही नाही. ह्याची मला आता लाज वाटते.

शेवटचा रविवार. सोमवारी फाइल द्यायची. पंखा सुलटा केला होता, तरी दुपारी दोनला कॉम्प्युटर बंद! मी तिथंच रडायला बसले. हे आणि कैलासभाऊ एकमेकांना शिकवत होते.

आबा आत आले. मला खुणेनं म्हणाले, चालू कर. थंड झाल्यावर मी चालू केला. त्यांनी कॅबिनेटच्या थरथरत्या टपावर पंजा टेकला आणि डोळे मिटले. मग पंजा हळूहळू मागं सरकवत त्या वायरीच्या जाळीपाशी थांबले.

"हाऊ लंगडी राह्यना," आबा गावच्या बोलीत म्हणाले. हा लंगडतोय!

आम्ही तिघं बघतच राहिलो. आबांनी वायर काढायला लावली. ट्रंकेतून लूमचा जुना चपटा हूक आणला, जाळीतून आत घातला आणि आतल्या पंख्याच्या कण्याला गुंडाळलेला धागा ओढायला लागले. येतोय येतोय, संपेचना! हातभर लांब धागा, त्याला रुईचे गोळे. आबांनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला. "जरीना शे," म्हणाले, जरीचा धागा! आणि ह्यांच्याकडे असं बघितलं की मास्टर आपल्या शर्टाला चिकटलेले धागे झटकायला लागले.

त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाही. मी जेवायलासुद्धा उठले नाही. आबा शेजारी खुर्ची ओढून बसले, पंजा टपावर तसाच. मला वाटलं, परत लंगडतोय का ते बघताहेत. संध्याकाळी शेवटचा टाका आखला, फाइल शेठला पाठवली. शेठचा लगेच फोन, "बेन, सरस छे! बीजी डिझाइन काले मोकलुं छुं." उद्या दुसरं डिझाइन! मी मोठ्यानं हसले, डोळे पुसले आणि कॉम्प्युटर बंद केला.

आबांनी दचकून डोळे उघडले.

"बंद कसाले करं?"

"काम झालं आबा!" मी ओरडून सांगितलं.

त्यांनी पंजा उचलला नाही. म्हणाले, "माले आत्ते कोठे ऐकू यी राह्यंतं."