लाजेची भाकरी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणी-जिंतूर गाडीवर ड्युटीला होते. गाडी झरीहून नुकतीच सुटली होती. दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, एवढंच सांगितलं, "रत्ना, गेली बघ." मी "बरं" म्हणाले आणि झरीला चढलेल्यांची तिकिटं राहिली होती ती काढली. बोरीला गाडी थांबली. अक्काचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमी उतरा, मी बघून घेतो." वाहकाशिवाय गाडी पुढे नेता येत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि गाडीत माणसं उभी होती. मी डबल बेल दिली. जिंतूरला तिकिटाचं मशीन दुसऱ्या वाहकाच्या हातात दिलं आणि उलट्या गाडीनं बोरीला आले, तोवर तिला पांढरी साडी नेसवून झाली होती. बहीण दारावरून पुढे गेली, असं लोक बोलले. बोलणारच होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अक्काबद्दल सगळे चांगलं बोलले. विशाखाबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या, कधी हात न उगारणाऱ्या बाई. यातली दुसरी गोष्ट खोटी आहे. मला पाढे तिनंच शिकवले आणि चुकले की पाठीत धपाटा बसायचा. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे माझी वेणी, माझं दप्तर, माझ्या मैत्रिणी, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. वाद घालायलाही मी तिच्याकडूनच शिकले. "नुसतं रडू नको, मुद्दा सांग," म्हणायची.

आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. घरात मोजकेच नियम होते, पण अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते कडक पाळले. त्यातला एक असा, की 'मागच्या जन्माचं पाप' हे शब्द घरात कुणी उच्चारायचे नाहीत. मी तापानं फणफणले होते तेव्हा शेजारची एक बाई कळवळून तेच म्हणाली. अप्पांनी तिच्या हातातला चहा तिला पुरा पिऊ दिला आणि मग सांगितलं, "बाई, परत या घरात येऊ नका." आमच्या आजीनं मेलेली ढोरं ओढली, गावाबाहेर जन्म काढला, आणि गावानं तिला कारण दिलं ते हेच. अप्पांना राग कशाचा होता ते आम्हा दोघींना न सांगता कळत होतं.

अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तिला पन्नाशी लागली होती. मूलबाळ नाही. दाजींना साखर, म्हणून किडनी देणाऱ्यांतून त्यांचं नाव पहिल्याच दिवशी कटलं. राहिले मी. औरंगाबादला तपासण्या झाल्या, जुळलं. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं जुळणं नशिबात असावं लागतं. आठवडाभरानं डेपोच्या विश्रांतीगृहातून मी तिला फोन लावला. "अक्का, मला जमायचं न्हाई." ती म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

का, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बोरीला माझ्याच गाडीत चढायची, परभणीला डायलिसिस करून घ्यायची आणि दुपारी माझ्याच गाडीनं परतायची. वाहकाच्या शेजारची जागा मी तिच्यासाठी धरून ठेवायचे. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा म्हणाली, "मला आणिक अर्धं कर बाई, माझे अवयव बी अर्धेच चालायलेत." आजूबाजूच्या बाया हसल्या. मीही हसले. दिवसाला अर्धा लिटर पाणी एवढीच तिला मुभा होती. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची, तरी गाडीत कुणी बाटली तोंडाला लावली तर ती खिडकीबाहेर बघायची.

दवाखान्यातल्याच कुणीतरी तिला फोनवर एक वर्ग जोडून दिला. हिंदीतून चालायचा. ज्यू लोकांची कब्बाला नावाची जुनी गूढविद्या त्यात शिकवायचे. मशीनवर चार तास पडून करायचं काय, म्हणून तिनं ऐकायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत ती मला शिकवू लागली. आधी सगळीकडे प्रकाशच होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. म्हणून देवानं स्वतःला आकसून घेतलं आणि जागा केली.

"गाडीत सरकून बसत्यात तसं?" मी म्हणाले.

"तसंच. फक्त ह्यो न सांगता सरकला. तुझ्या गाडीत दहादा सांगावं लागतं."

मग तो प्रकाश भांड्यांत ओतला, भांड्यांना तो सोसला नाही, ती फुटली, आणि तुकड्यांत ठिणग्या अडकून पडल्या. माणसाचं दुखणं, अडचण, अपमान म्हणजे असा एकेक तुकडा. त्यातली ठिणगी सोडवायची, ही माणसाची दुरुस्ती. तिनं वहीत दहा गोलांचं झाड काढलं होतं. मी म्हणाले, हे तर ठिकरीचं घर झालं, आता लंगडी घाल. ती रागावली नाही. उलट खूश झाली. "आन खेळायला आपण काय घेत होतो? फुटक्या मडक्याची खापरीच की!" खरं सांगायचं तर त्या काळात ती बरी दिसायची. रिपोर्ट तसेच वाईट होते, पण सुई टोचलेला सुजका हात ती कौतुकानं दाखवायची. मी ते सगळं थट्टेवारी नेत होते, तोवर ठीक होतं...

एका शुक्रवारी परतीच्या गाडीत ती थकून खिडकीला टेकली होती. गाडी अर्धी रिकामी. ती म्हणाली, "रत्ना, तुला सांगायचंय. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही न्हाई. वर्गात लाजेची भाकरी सांगितली. न कमावता जे मिळतं ते खाताना माणसाला लाज वाटती, म्हणून देव फुकट देत न्हाई. तू किडनी दिली असतीस तर ती माझी लाजेची भाकरी झाली असती. माझ्या जीवाचं मागच्या फेरीतलं काही अर्धं राहिलं असंल, ते मलाच पुरं करायचंय. तू न्हाई म्हणालीस ते तुझ्या तोंडून आलं एवढंच."

चार तास मशीनवर काढून आलेली बाई होती. गप्प बसायला हवं होतं. पण ती मला माफ करत होती, आणि तेही मी काही केलंच नाही असं ठरवून. नाही मी म्हणाले होते. कुणी माझ्या तोंडून वदवलं नव्हतं.

"मागची फेरी? मागचा जन्मच ना तो?" मी म्हणाले. "म्हणजे आजीनं ढोरं ओढली ती बी तिच्या मागच्या फेरीची दुरुस्तीच म्हण की. अप्पा जिते असताना सांगायचं होतंस त्यान्ला."

"तसं न्हाई गं ते..."

"मग कसं? मुद्दा सांग. तुझं दुखणं म्हणजे दुरुस्ती, आन आजीचं म्हणजे अन्याय? दोन्हीला एकच माप लाव."

तिनं दोनदा तोंड उघडलं. बोरी यायच्या आत मी तिला पुरतं गप्प केलं होतं. उतरताना तिला हात लागायचा, तो मी दिला. मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. माझा मुद्दा आजही मला बरोबरच वाटतो.

तिनं वर्ग सोडला. मला दाजींनी सांगितलं. पुढचे काही मंगळवार-शुक्रवार ती माझ्या शेजारी नुसती बसून राहायची. मग एका सकाळी, गाडी गच्च भरलेली, मी उभ्यानं तिकिटं काढत होते. तिनं माझ्या पदराचं टोक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मग तू का न्हाई दिलीस?"

शेजारी टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, "काय मागायल्यात मॅडम?"

"काही न्हाई, घरातली गोष्ट हाय," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

सांगण्यासारखी कारणं माझ्याकडे होती. उभ्यानं करायची नोकरी, पोरांची शिक्षणं, नवऱ्याचा विरोध. नवऱ्यानं विरोध केलाच नव्हता. ज्या बाईसमोर लहानपणी माझी एकही थाप टिकली नाही तिच्यासमोर मला त्यातलं एकही काढवेना. "मला द्यायची नव्हती," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मान हलवली, पेपर तपासताना हलवायची तशी. पुढच्या मंगळवारी ती बोरीच्या थांब्यावर नव्हती. पहिल्या गाडीचा वाहक म्हणाला, मॅडम आमच्याकडे आल्या. पहिल्या गाडीनं गेलं की दवाखान्याच्या बाकावर तीन तास बसून राहावं लागतं. शेवटचे चार महिने ती तशी बसली. मी घरी जायचे, चहा प्यायचे, ती बोलायची. दाजींची औषधं, शेतातलं बोअर, माझ्या पोरीचं लग्न, सगळं विचारायची. गाडीत मात्र परत चढली नाही.

गेल्या आठवड्यात दाजींना तिची फाईल हवी होती म्हणून मी डायलिसिसच्या हॉलमध्ये गेले. तिच्या खाटेवर आता एक म्हातारे गृहस्थ असतात. शेजारच्या खाटेवर पोखर्णीची एक पोर होती, पंचविशीतली, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. नर्स म्हणाली, या विशाखा मॅडमच्या बहीण. पोर उठून बसली.

"मॅडम सांगायच्या, बहीण लय हुशार हाय, बोलण्यात कुणाला ऐकत न्हाई."

मी नर्सकडे फाईल मागितली.

"मला सुई टोचताना त्या गोष्ट सांगायच्या. भांडे फुटलेली. मग मधीच बंद केलं. मी लय मागं लागले, तर म्हणल्या, ते खरं न्हाई, बहिणीनं दाखवून दिलं." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "मग खरं काय हाय? तुमी सांगा. मलाच का झालं हे?"

फाईल माझ्या हातात आली होती. काहीतरी बोलता आलं असतं. अक्काची वही मी पाहिली होती, दहापैकी निम्मे गोल तरी मला आठवत होते.

"त्याला काही कारण नसतं," मी म्हणाले.

"एवढं मला बी ठावं हाय," ती म्हणाली, आणि नर्सनं सुई उचलल्यावर तिनं तोंड भिंतीकडे केलं.