विमानांना कापड शिवणारे मामा

आमच्याकडे चार माणसं जमून चहा टाकला, की कुणीतरी म्हणतंच, "मामांचं ते आठवतं का गं?" मग भजी गार होतात, पण किस्से संपत नाहीत! मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, मालवणकडचे शिंपी. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, विमानांना कापड शिवायला. ऐंशीच्या दशकात ते घाटकोपरच्या चाळीत, आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे.

*

विमानाला कापड, हे कुणाला खरंच वाटायचं नाही. तळमजल्यावरचे शहाकाका तर हसायचेच. "अरे मामा, प्लेन तर लोखंडाचं असतं ना!"

मामांनी समजावलं, की सांगाडा धातूचा, पण त्या काळी काही विमानांना वरून कापड शिवायचे. त्यावर रोगण फासलं, की ढोलासारखं घट्ट! शहाकाकांची मान हलतच राहिली. शेवटी मामा म्हणाले, "तुमी धोतर नेसतास, म्हणजे आतमध्ये हाडां नाय काय?"

*

सांताक्रूझला उतरणारी विमानं चाळीवरून अशी खाली जायची, की बोलणं थांबवावं लागे. मामा हातातला घास तसाच धरून, विमान दिसेनासं होईपर्यंत बघत बसायचे. एकदा मामी वैतागल्या. "तुमच्या नजरेर ता विमान वर रवता काय? जेवा आधी!"

मामा म्हणाले, "सांगाक येवचा नाय."

*

माझ्या कॉलेजच्या बॅगेचा पट्टा तुटला, तो मामांनी शिवून दिला. पुढे बॅगेची पार वाट लागली, पण पट्टा शाबूत! मामांनी मग पट्ट्याला नवी बॅग शिवून दिली.

*

जिन्यात पाय घसरून मामांचं कपाळ फुटलं. दवाखान्यात पाच टाके पडले. मामांनी आरसा मागितला.

डॉक्टर कोवळा होता. म्हणाला, "आजोबा, काळजी नको, व्रण राहणार नाही."

"व्रणाचा नाय रे. तिसरो टाको वाकडो पडलो." पोराचा चेहरा उतरला, तेव्हा मामांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चलात. हयसर विमानासारखो वारो लागना नाय!"

*

एवढी विमानं शिवली, पण मामा स्वतः कधी विमानात बसले नव्हते! मावसबहिणीचं लग्न गोव्याला निघालं, तेव्हा दादाने मामा-मामींची विमानाची तिकिटं काढली. सोबत मी.

खिडकीशी मामा. विमान सुटलं तसा त्यांनी मामींचा हात धरला. "सोडा, लोकां बघतत!" मामी पुटपुटल्या. मामांनी सोडला नाही.

गोव्याला उतरलो. मामी आणि मी पुढे चालत गेलो. वळून बघते तर मामा शिडीच्या पायथ्याशी, उन्हात उभे. सगळे उतरले, मग वैमानिक आला. तिशीही गाठली नसेल त्याने.

युद्धातल्या वैमानिकांबद्दल मामा आमच्याजवळ कधी एक शब्द बोलले नव्हते.

त्यांनी त्या मुलाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"परत इलंस? बरा झाला रे, झिला."

त्याला मालवणी काय, मराठीही येत नसावी. त्याने मोकळ्या हाताने टोपी काढली आणि मामा हात सोडेपर्यंत तसाच उभा राहिला.