पोरगं लहान हाय, साहेब

हवालदारानं माझं दप्तर ठाण्याच्या फरशीवर उपडं केलं. वह्या, कंपास, जेवणाचा डबा. डबा उघडून त्यानं काठीच्या टोकानं भाकरी उचकटली, खाली सोनं दडवलं असावं तशी. मग हसला.

"पारध्याची पोर बारावीला? शिकून मोठ्ठी चोरी करणार जणू."

ठाण्यात सगळे हसले. मी खाली बसून वह्या गोळा केल्या. भाकरी तिथंच राहिली. मला लाज वाटली नाही. भीती वाटली. पोलीस दिसला की आमच्या पोटात आधी भीती शिरते, लाज नंतर सवडीनं येते.

आत कोठडीत माझा धाकटा भाऊ होता, लखन. सोळा वर्षांचा. खोटं कशाला बोलू, गाडी त्यांनी नेलीच होती. शाहूपुरीत एका दुकानासमोर किल्लीसकट उभी असलेली मोटरसायकल. लखन आणि त्याचा मित्र राधानगरीचं धरण बघायला निघाले होते. मित्र एका गूळ व्यापाऱ्याचा मुलगा. दोघं एकाच तालमीत जायचे, एकाच वयोगटात कुस्ती धरायचे. गाडी सुरू केली मित्रानं, चालवली दोघांनी. वाटेत दोघंही सापडले.

मित्र बाहेर बाकावर बसला होता. हातात चहाचा कप. त्याचे वडील आले तसे ठाण्याचे साहेब खुर्चीतून उठले.

"पोरगं लहान हाय, शेठ. चुकतंय की या वयात. घेऊन जावा."

बापलेक गेले. कप बाकावरच राहिला. मग साहेब माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईकडे वळले.

"ह्याचं वय काय गं?"

आई म्हणाली, "एकोणीस."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या भाषेत ती पुटपुटली, गप बस, लहान म्हटलं की नेतात.

तिचा काय दोष? आमच्या पालावरची ही रीतच. पणजीच्या काळात इंग्रज सरकारनं आमची माणसं तारेच्या कुंपणात कोंडली होती, पोरं आयांपासून तोडली होती. कुंपण गेलं. भीती मात्र आईच्या दुधातून लेकरांत उतरत राहिली. म्हणून पोलिसापुढं आमची पोरं कायम मोठी. मोठ्याला मारतील, पण सोडतील तरी, ही आईची समजूत. कायदा नेमका उलटा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अठराच्या आतल्या पोराला मोठ्यांच्या तुरुंगात घालता येत नाही.

साहेबांना ते ठाऊक होतं. लखनला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. तरी त्यांनी एकोणीस लिहून घेतलं, वर न बघता.

लखन मोठ्यांच्या तुरुंगात गेला. मी भेटायला गेले तर जाळीपलीकडं तो मान खाली घालून उभा. हातावर वळ.

"आक्का, झोपू देत न्हाईत गं."

कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तोच हवालदार माझ्या जवळ आला. हळूच म्हणाला, "आत जाऊन काय बोललीस, तर तुला बी उचलतो. पालावर माल सापडायला किती येळ लागतोय?"

खोटं नाही सांगत, पळून जावंसं वाटलं. पण लखनला आत आणताना मी बघितलं. शेजारच्या शिपायाचा नुसता हात लागला, तर तो दोन पावलं मागं सरला. तालमीतला माझा भाऊ.

न्यायाधीश मॅडमसमोर मी उभी राहिले.

"मॅडम, माझा भाऊ सोळाचा हाय. आय भ्याली म्हणून एकोणीस बोलली."

"पुरावा?"

"कागद न्हाय. शाळेत बी गेला न्हाय तो. हाडं तपासा त्याची. आणि त्याच्यासंगट दुसरा पोरगा होता, त्याला वय का इचारलं न्हाय, ते बी साहेबास्नी इचारा."

आईनं डोळे गच्च मिटून घेतले. मी पोराला सरकारच्या हवाली केलं, असंच तिला वाटलं.

मॅडमनी तपासणीचा हुकूम दिला. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. ते अजून कुणीच दिलेलं नाही.

डॉक्टरांनी लखन अठराच्या आतला ठरवला. त्याला मुलांच्या निरीक्षणगृहात हलवलं, तिथून तो घरी आला. तालमीचे वस्ताद त्याला न्यायला स्वतः पालावर आले होते. तो गेला नाही. कुस्ती म्हणजे अंगाला अंग भिडणार. लखनला आता कुणी शिवलेलं चालत नाही. त्याचा मित्र तालमीत जातो, मागच्या जत्रेत कुस्तीही मारली त्यानं.

आता पालावरचं पोर उचललं की आयाबाया आधी मला हाक मारतात. खरं वय सांगायचं, हे मी प्रत्येकीकडून वदवून घेतलंय. माझ्या आईकडूनसुद्धा.

ठाण्याची पायरी मी चढते. तो हवालदार अजून तिथंच आहे. "आल्या बघा वकिलीणबाई," म्हणून हसतो. हसू दे. मी टेबलापुढं उभी राहते आणि साहेबांचंच वाक्य साहेबांना ऐकवते.

"पोरगं लहान हाय, साहेब."

शेठच्या पोरासाठी ते एकदा बोलून झालंय. आमच्या पोरासाठी ते लिहून घेतल्याशिवाय मी तिथून हलत नाही. भीती वाटते. तरी हलत नाही.