ट्रेलरला उंबरा

आमच्या भागात ट्रेलर म्हटला की तो उसाचाच. त्यामुळे मी ट्रेलरमध्ये राहायला गेलोय हे कळल्यावर गारगोटीकडच्या आमच्या गावात बरेच दिवस चर्चा चालली होती. एका चुलत्यांनी तर फोनवर सरळ विचारलं, "मग ऊस कुठं भरतोस?" त्यांना किती सांगितलं, हे चाकांवरचं घर आहे, आत ओटा आहे, पलंग आहे, संडास-बाथरूम आहे. "आसंल की," म्हणाले, पण पटलं नाही.

कळंब्याला आमची थोडी जागा आहे. कुणा हौशी माणसानं फिरायला म्हणून करून घेतलेला हा जुना ट्रेलर आम्ही तिथं आणून लावला आणि बायको नि मी त्यात राहू लागलो. मला दुरुस्तीचा भारी नाद. कारागीर बोलावणं म्हणजे मला माझा अपमान वाटतो. छत गळायला लागलं, पत्र्याच्या सांध्यांत मीच सिलिकॉन भरलं. पंखा बसवला, तो बसवताना दिवे गेले, मग दिवे दुरुस्त केले. बायको म्हणायची, "एक नीट करता आणि दुसरं काढून ठेवता." ते कौतुकच आहे असं मी धरून चालायचो.

सगळं जमत आलं होतं, फक्त आई राहायला येत नव्हती. वडील गेल्यापासून ती गावी एकटी. गुडघे धरलेले, बीपीच्या गोळ्या विसरायची. फोन उचलला नाही की माझा दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा. ती सकाळच्या एसटीनं यायची, जेवायची आणि संध्याकाळी परत. बसायची तीसुद्धा खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर घेऊन. राहा म्हटलं की एकच उत्तर, "उंबरा न्हाय त्याला घर कसं म्हणायचं? गाडीत कोण ऱ्हातंय व्हय?"

म्हणून मी उंबराच बसवायचं ठरवलं. बायको म्हणाली, "अहो, उंबऱ्याचं निमित्त आहे. त्यांना आपल्यावर भार व्हायला नको वाटतंय." पण माझ्या डोक्यात लाकूड शिरलं होतं. सागवानी तुकडा आणला, रंधा मारला, तेल पाजलं आणि ज्या रविवारी आई येणार होती त्याच सकाळी ड्रिल घेऊन दारात बसलो. दोन स्क्रू झकास बसले. पुढचं भोक पाडायला गेलो आणि खालून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट छताला. नळाची पाइप तिथूनच गेली होती. महिन्यापूर्वी ती तिथून मीच नेली होती.

मी भोकावर अंगठा दाबून ओरडतोय, बायको टाकीचा कॉक बंद करायला मागं धावलीय, आणि तेवढ्यात दारात आई.

"आगं बया!" तिनं पिशवी बाहेरच टाकली, पदर खोचला आणि तरातरा आत आली. उंबऱ्याकडं बघितलंही नाही. "ऊठ तिथनं. पाणी बंद झालंय, अंगठा काढ की! पोतं कुठाय?" पोतं नव्हतं, माझा चांगला टॉवेल घेतला. मला गादी उन्हात टाकायला लावली, ओट्याखालचे डबे पुसून तिच्या पद्धतीनं लावले. "पोरी, पिठाचा डबा आसा खाली कोण ठेवतंय?" बायको हो-हो म्हणत होती आणि दोघी मिळून मला हसत होत्या.

आईचं लुगडं चिंब झालं होतं. बायकोची जुनी साडी नेसून तिनं ते दोरीवर वाळत घातलं. ऊन उतरलं तेव्हा, नको असलेला प्रश्न मला विचारावाच लागला. "आई, एसटीला सोडू?"

तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. बायकोला म्हणाली, "हितं पाणी कवा येतंय गं?"

पाहुणं माणूस असलं काही विचारत नाही. मी खाली वाकून सांडलेले स्क्रू वेचू लागलो.

"पहाटे येतं, आत्या," बायको म्हणाली.

"मग तुमी निजा निवांत. मी भरीन."