बासिलियाचे बटाटे

बासिलिया सिपे कशी बाई आहे हो, असं लोक मला विचारतात. मी आधीच सांगून टाकतो, मी तिच्यावर जळतो. आजचा नाही, जुनाच जळका आहे मी. आमच्या कोचाबांबा शहरात तान्ह्या बाळांची हृदयं दुरुस्त करणारे आम्ही दोघंच. म्हणजे टेबलाच्या अलीकडे ती, आणि पलीकडे तिचा धागा ताणून धरणारा मी, डॉक्टर रेनातो उर्किदी. माझे आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, कोलोन चौकात आमचं घर कुणीही दाखवील. आणि हिची आई उन्सियाच्या खाणकामगारांना खानावळीत सूप वाढायची. आता बोला!

साओ पाउलोला आम्ही एकाच म्हाताऱ्या सर्जनच्या हाताखाली शिकलो. मी बापाच्या पैशावर, ती शिष्यवृत्तीवर. म्हातारा सगळ्यांवर खेकसायचा. तिचे टाके बघताना मात्र गप्प राहायचा, आणि ते गप्प राहणं मला शिवीपेक्षा जास्त लागायचं. पुढे एका पेपरवाल्याने छापलं, की आजीच्या मागावर विणून विणून डॉक्टरबाईंचा हात तयार झाला. कसला डोंबलाचा माग! तिला साधं बटण लावता येत नाही. तिच्या कोटाचं बटण आमची हेड नर्स तेओदोरा लावून देते. लहानपणी आईच्या खानावळीत बटाटे सोलले तिने, बाकी काही नाही.

पण हात आहे, ते नाकारून कसं चालेल? तान्ह्या बाळाचं हृदय त्याच्याच मुठीएवढं. ते थांबवायचं, रक्त मशीनवर फिरवायचं, आणि त्या मुठीच्या आत भिंगाच्या चष्म्यातून डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा धाग्याने टाके घालायचे. तेही घाईत, कारण बाळ मशीनवर जितका जास्त वेळ तितकं वाईट. हात थरथरू नये म्हणून ती सकाळपासून कॉफीचा घोट घेत नाही. पाणीही बेतानेच. पाठ धरली, पाय सुजले, तरी मान वर होत नाही. एकदा घातलेला टाका ती उसवत नाही. मी उसवतो. माझी बाळंसुद्धा धडधाकट घरी जातात, कुणी भलता समज करून घेऊ नये. पण उसवतो.

हेही मी गिळलं असतं. माझ्या पोटात खरं दुखतं ते तिच्या धर्ममुलांमुळे.

आमच्याकडे पोर चालायला-बोलायला लागेपर्यंत त्याच्या केसांना कात्री लावत नाहीत. मग जावळ काढतात, आणि पहिली बट कापायचा मान धर्मबापाचा नाहीतर धर्मआईचा. त्या बटेसरशी तुम्ही त्या घराचे कोम्पाद्रे झालात, सोयऱ्याहून सोयरे, मरेपर्यंत. विचारायची रीतही ठरलेली. डोंगरातली माणसं तोंडाने विचारत नाहीत. पांढऱ्या फडक्यात आरानी गावचा मोठा गोल पाव बांधून आणतात आणि तुमच्यासमोर गाठ सोडतात. तुम्ही तुकडा मोडून खाल्लात की झालं कबूल. मग ना त्यांना मागे फिरता येतं, ना तुम्हाला.

बासिलियाकडे फडकी येतच राहिली. तिच्या खोलीची भिंत त्या पोरांच्या फोटोंनी भरली. त्यातला रोनाल माझ्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपायचा. चांगला आडदांड झालाय आता, फुटबॉल खेळतो. बटाटे निघाले की डोंगरातून पोतं खांद्यावर टाकून येतो आणि कॉरिडॉरमध्येच ओरडतो, "धर्मआई! कुठे आहेस गं?" एवढा मोठा दवाखाना, पण सगळा थबकून बघतो. वर ही बया काय करायची, तर दरवर्षी त्यातले अर्धे बटाटे पिशवीत भरून माझ्या गाडीच्या डिकीत टाकायची. "घरी ने रे, उकडून खा." मला भीक घालते! मी ती पिशवी फाटकावरच्या वॉचमनला देऊन मोकळा व्हायचो.

मला मात्र कुणी कधी विचारलं नाही. एकानेही नाही.

मग नाएली आली. तापाकारीच्या डोंगरातली पोर, बाप फेलिसियानो, आई हुस्ता. जन्मली तीच निळी, ओठ जांभळासारखे काळे. ऑगस्ट महिना होता आणि बासिलिया उर्कुपिन्याच्या जत्रेत देवीपुढे नाचायला गेली होती. नवस आहे म्हणे तिचा. घागरा घालून, बँडच्या पुढे! त्या ढोल-तुताऱ्यांत तिला फोन कुठला ऐकू जायला? तेव्हा मी एकट्याने त्या पोरीची छाती उघडली आणि शेवयीपेक्षा जराशी जाड नळी हाताच्या रक्तवाहिनीवरून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जोडली. बघता बघता ओठ गुलाबी झाले. मी, एकट्याने. बाहेर जाऊन आईबापांना सांगायला एका शिकाऊ डॉक्टरला पाठवलं आणि कॉफी प्यायला गेलो.

पोर वर्षाची झाल्यावर मोठं ऑपरेशन ठरलं. ते अर्थात बाईंचं. आतलं भोक बुजवायचं, फुप्फुसाकडची वाट रुंद करायची. आणि अगदी सुरुवातीला काय करायचं, तर माझी नळी बांधून टाकायची, कारण आता तिचं काम संपलं.

"फार छान जोडली होतीस रे," नळीला गाठ मारता मारता बासिलिया म्हणाली.

"कौतुक नको, धागा ओढ," मी म्हणालो.

तेओदोरा मास्कच्या आत हसली. मला ऐकू आलं.

मशीनवरून काढल्यावर ते हृदय थोडं चाचरलं आणि मग धावायला लागलं. बासिलिया हातमोजे काढून तशीच बाहेर गेली, हुस्ताशेजारी जमिनीवर बसली आणि क्वेचुआत, त्यांच्या डोंगरी भाषेत, काय काय बोलत राहिली. हुस्ताने तिच्या मांडीवर डोकं टेकलं. काचेतून बघताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोरीला वर्षभर जगवलं कुणी?

तेव्हापासून मी मनाशी धरूनच बसलो, की ही पोर माझी. तपासणीला आली की मी आधी गाठायचो. केस वाढत होते, गुंता होत होता, लाल फीत लागली. जावळ जवळ आलं होतं. तेओदोराच्या ते लक्षात आलं होतं. "डॉक्टर, पोरीच्या हृदयापेक्षा तुम्ही केसच जास्त बघताय," ती म्हणाली.

आणि एका सकाळी मी कॉरिडॉरमध्ये आलो तर बाकावर फेलिसियानो, हुस्ता, म्हातारी आजी, आणि हुस्ताच्या मांडीवर पांढरं फडकं. बासिलिया ऑपरेशनला उभी होती. मी जवळ गेलो. मांडीशी उभ्या नाएलीने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि फडक्याची गाठ ओढून सोडली. आत आरानीचा पाव, वर तीळ.

"शेवटी आलात!" मी म्हणालो. मोठा तुकडा मोडला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. "कबूल! एकदम कबूल!"

फेलिसियानोने टोपी काढली, पुन्हा घातली. हुस्ता म्हातारीकडे बघायला लागली. म्हातारी काहीतरी पुटपुटली. मला क्वेचुआ येत नाही, इतकी वर्षं झाली तरी नाही. मला वाटलं, लाजली माणसं. तेओदोरा औषधांची गाडी ढकलत येत होती, ती जागीच थांबली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली.

दुपारी मी बासिलियाच्या खोलीत मुद्दाम गेलो. "नाएलीच्या जावळाचा धर्मबाप मी आहे, कळलं ना? पाव खाल्ला मी."

"छान झालं," ती म्हणाली. मला वाटलं, जळली. त्या रात्री मला काय झोप लागलीय!

जावळाला तापाकारीला गेलो तेव्हा नवीन कोट घातला होता. अंगणात पंगत, चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, घडे, बटाटे, मका. बासिलिया आणि तेओदोराही आल्या होत्या. मी कात्री घेऊन पुढे झालो तशी नाएलीने भोकाड पसरलं आणि पळत जाऊन बासिलियाच्या घागऱ्यात तोंड लपवलं. सगळे हसले. तेवढ्यात म्हातारी आजी चिचाचा वाडगा घेऊन माझ्यासमोर आली आणि काहीतरी बोलली. आता तर सगळं अंगण लोटपोट हसायला लागलं.

"काय म्हणाली?" मी तेओदोराला विचारलं.

"राहू द्या हो, डॉक्टर."

"काय म्हणाली ते सांग!"

"म्हणाली, त्या दिवशी डॉक्टरांना फारच भूक लागली होती का? पाव आम्ही बाईंसाठी आणला होता."

माझी कानशिलं तापली. कात्री तिथेच दगडावर ठेवली आणि मी घरामागे गेलो, मेंढ्यांच्या कुंपणाशी. बासिलिया मागोमाग आली.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"तेओदोराने सांगितलं मला, ऑपरेशन संपल्या संपल्या."

"आणि तू गप्प बसलीस! माझी फजिती बघायला?"

"फजिती कसली रे? तू खाल्लास, तू झालास. त्यांना मी तेच सांगितलं. आणि गाठ सोडली कुणी? पोरीनेच ना, तुझ्यासमोर?"

"दया नकोय मला तुझी! तुझ्या भिंतीवरचा एखादा फोटो मला देऊन टाकशील, हो ना? टाक भीक!"

तेव्हा ती चिडली. इतक्या वर्षांत टेबलावर कधी आवाज न चढवलेली बाई.

"कसली भीक, गाढवा? रोनालचे आईबाप आधी तुझ्याकडे आले होते! फडकं सोडलं होतं तुझ्यापुढे. तू म्हणालास, 'घेऊन जा, मी बाहेरचं खात नाही.' ती बाई रडत माझ्याकडे आली, पाव तोच घेऊन. आणखीही दोन घरं तुझ्याकडून तशीच परत आली. मग डोंगरात बातमी गेली, तो दुसरा डॉक्टर पाव घेत नाही. पुढे कोण येणार होतं तुझ्याकडे?"

मी कुंपण धरून उभा राहिलो. मला ते फडकं आठवेना; पावाची रीत मला पुढे बासिलियाकडची फडकी बघून कळली होती. गरिबांकडून काही घ्यायचं नाही, ही माझ्या बापाची शिकवण. मी किती मोठ्या तोंडाने ती सगळ्यांना सांगायचो.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, डोंगरातल्या रीती मला शिकवू नकोस." तिचा आवाज खाली आला. "रोनालच्या आईने तुझा मान कधी मोडला नाही. ज्याला आधी विचारलं त्याचा अर्धा वाटा, म्हणते. म्हणून तर दरवर्षी पोत्यातले अर्धे तुझ्या डिकीत ठेवते मी. ते माझे नव्हते रे. तुझेच होते."

अंगणातून हुस्ता हाक मारत होती, "कोम्पाद्रे! या ना, केस थांबलेत!"

मी गेलो. बासिलियाने पोरीला मांडीवर धरलं आणि मी बट कापली. पोर माझ्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होती, आणि मी जळलो. आजही जळतो, खोटं कशाला बोलू?

वॉचमन दरवर्षी म्हणायचा, "डॉक्टर, असला बटाटा बाजारात मिळत नाही हो, लोण्यासारखा." मला काय माहीत. मी एकही खाल्ला नाही.