पट्टेवाले

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘पट्टेवाले काका’ म्हणतात. नवखा माणूस ते ऐकून त्यांच्याकडे फाइल नेऊन द्यायला देतो आणि मग जीभ चावतो. काका शिपाई नाहीत. जेल नावाच्या पारदर्शक थरावर उमटणारे डीएनएचे पट्टे फोटोत ओळखणारे तंत्रज्ञ आहेत. काका फाइल मात्र नेऊन देतात.

त्या दिवशी सापडलेली हाडं एका आईच्या रक्ताशी ताडून पाहायची होती. तिचा मुलगा अकरा वर्षं बेपत्ता होता. ती बाहेर बाकावर बसून होती. जुळायला हवा होता तो शेवटचा पट्टा कॉम्प्युटर काही दाखवेना.

“काका, सेटिंग जरा वाढवा ना,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. “सुटेल बिचारी एकदाची.”

काकांनी फिकट खुणाही पकडणारा आकडा वाढवला. फिकट पट्टा उगवला. मॅडमनी सुस्कारा सोडला. काकांनी शेजारच्या रांगेवर बोट ठेवलं. तिथे पडताळणीसाठी डीएनए नसलेलं नुसतं पाणी सोडलेलं होतं, आणि तिथेही तस्साच पट्टा होता.

“या हिशेबानं ती पाण्याचीही आई लागते, मॅडम.”

काकांनी आकडा खाली आणला आणि ते स्वतःच बाहेर गेले.

“मावशी, अजून सांगता येत नाही. पुन्हा करावं लागेल.”

“माझाच आहे म्हणा ना. थकले हो मी.”

“म्हणेन. पण तो कुठे जिवंत असला, तर त्याला शोधायचं कुणी?”

तिनं विचारलं, “माझं रक्त पुन्हा लागेल?” आणि उत्तराआधीच बाही वर सारली.