बुडालेल्या विहिरीची पोचपावती

तानबाजी कोहळ्यांना संगणक सुरू करता येत नसे. पण केंद्रातला जुना सर्व्हर कायमचा बंद करायची गोष्ट निघाली, तेव्हा पहिल्यांदा आडवे आले ते तेच.

वर्ध्याच्या त्या केंद्राचं काम विहिरी मोजायचं. १९९८ पासून जिल्ह्यातल्या सहाशे बारा विहिरींत दर सोमवारी कोणी ना कोणी दोर सोडायचं, पाणी किती फूट खोल आहे ते पोस्टकार्डावर लिहून धाडायचं आणि केंद्रात ती नोंद सर्व्हरवर चढायची. एकेका विहिरीला एकेक क्रमांक, त्या क्रमांकाचं इंटरनेटवर एक पान, आणि त्या पानाचा पत्ता पत्र्याच्या पाटीवर रंगवून विहिरीच्या कठड्यावर ठोकलेला. गावातल्या म्हाताऱ्यांना इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपल्या विहिरीचा नंबर तोंडपाठ होता.

आठ वर्षांत त्या सर्व्हरचा पार डबा झाला. रंग पिवळट पडला, आणि आतली डिस्क चक्कीत खडा सापडावा तशी करकरायला लागली. २००६ च्या फेब्रुवारीत गुंजनकडे काम आलं: सगळ्या नोंदी पुण्याच्या भाड्याच्या नव्या सर्व्हरवर न्यायच्या आणि एकतीस मार्चला हा डबा बंद करायचा. गुंजन हिंगणघाटची, चोवीस वर्षांची, नागपूरहून इंजिनियर होऊन आलेली. तिनं सगळी रचना नव्यानं लिहिली होती. तालुका, मग गाव, मग विहीर, असे शिस्तीचे नवे पत्ते. केंद्र चालवणाऱ्या नीलेशभाऊंना ती हे समजावून सांगत होती तेव्हा तानबाजी बाजूच्या टेबलावर लिफाफ्यांना तिकिटं चिकटवत होते. आवक-जावक त्यांच्याकडे असे. त्यांनी मान वर न करता विचारलं, की एखादा माणूस जुना पत्ता घेऊन आला तर त्याला काय दिसणार.

गुंजननं त्यांना ते करूनच दाखवलं. पडद्यावर एक ओळ आली: हे पान सापडत नाही.

तानबाजींनी चष्मा नाकावर सरकवून ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "हे वाक्य म्या एकतीस वर्सांत कोणाले म्हटलं नाई."

त्या एकतीस वर्षांची गोष्ट गुंजनला नीलेशभाऊंनी दुपारच्या डब्यावर सांगितली. तानबाजी रोहण्याचे पोस्टमन होते. त्यांच्या वाटेवरची तीन गावं धरणात गेली. एकेक करून उठली, आणि सरकारनं दुसरीकडे प्लॉट पाडून दिले. पण पत्र लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार? सुरतेला कामाला गेलेला भाऊ जुन्याच पत्त्यावर लिहायचा: मारुतीच्या पाठीमागं, चिंचेपाशी, सखाराम यांस. मारुती पाण्यात, चिंच पाण्यात, सखाराम वारलेला. बाकीच्यांनी अशा पत्रावर शेरा मारून ते परत धाडलं असतं. तानबाजींकडे मात्र एक वही होती. डाव्या अंगाला जुनं घर, उजव्या अंगाला आज तिथला माणूस कुठे आहे ते. सखारामची बायको लेकीकडे समुद्रपूरला, म्हणजे पत्र समुद्रपूरला. त्यांच्या हातून एकही लिफाफा परत गेला नाही म्हणतात. गुंजनला वाटलं, अशा गोष्टी माणूस निवृत्त झाला की आपोआप वाढत जातात.

तरी ती म्हणाली, तशीच यादी आपणही करू. इंटरनेटवरचं जुनं नाव चालूच राहील, फक्त ते नव्या सर्व्हरकडे वळवायचं आणि त्याच्या दाराशी एक यादी बसवायची. अमका नंबर मागितला की तमक्या पानाकडे धाड. वर्षभर ठेवू, लोकांना सवय झाली की काढून टाकू, अशीच पद्धत असते. यादीच्या अगदी वर तिनं तसं लिहूनही ठेवलं: एकतीस मार्च २००७ नंतर काढणे.

"वर्स झालं का लोक चिठ्ठ्या लिवणं सोडते काय?" तानबाजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तिकिटांकडे वळले.

यादी तयार झाली, तपासायची वेळ आली. गुंजन चार-दोन पत्ते उघडून बघणार होती. तानबाजींनी खुर्ची ओढली, मांडीवर पाट्यांचं जुनं रजिस्टर घेतलं, हातात आवक-जावकचा तारखेचा शिक्का घेतला आणि सांगितलं की रजिस्टर पत्राची पोचपावती एकेक घ्यायची असते, ढिगानं नाही. मग सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत दोघं बसू लागली. ते जुना नंबर पुकारायचे, ती उघडायची. पान आलं की ते क्षणभर बघायचे, "पोचली" म्हणायचे आणि रजिस्टरात शिक्का हाणायचे.

पहिल्या दिवशी तिला हसू येत होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस नंबर आणि पान जुळतं का एवढंच पाहत नाही. तो विहीर ओळखतो. फेब्रुवारीत तेवीस फुटांवर पाणी पाहून म्हणतो, बरोबर, ही काळ्या मातीतली, होळीपर्यंत टिकते. एका पानावर थांबले, म्हणाले ही नाही, हिच्या शेजारची. गुंजननं जुने कागद काढून पाहिले, तर खरंच दोन नंबरांची अदलाबदल झाली होती. तिच्या यादीतली चूक तिच्या कोणत्याही तपासणीत सापडली नसती. पायी हिंडलेल्या माणसाला ती दिसली. त्या दिवसापासून तिनं हसणं सोडलं.

नवव्या दिवशी तानबाजींनी पुकारलं, "एकशे त्रेचाळीस."

पान उघडलं. गाव पिंपळझरी, जुनी वस्ती. भर मे महिन्यातही पाणी चौदा फुटांवर. शेवटची नोंद मे १९९९, कारण त्याच जूनमध्ये गाव उठलं आणि विहीर धरणाखाली गेली. सगळं बरोबर होतं. शिक्का मात्र हवेतच राहिला.

"थांब माय," तानबाजी म्हणाले. "पिंपळझरीच्या रामबाईचं कार्ड मागल्या सोमवारी आलं. मीच घेतलं. त्याच्यावर एकशे त्रेचाळीसच लिवलं होतं."

गुंजनला आठवलं. नोंदी हलवताना या नंबरावर तिला गंमत दिसली होती. चौदा फुटांवरचं पाणी जून नव्याण्णवमध्ये एकदम एकेचाळीस फुटांवर. विहीर बुडाल्यावर तिच्या नोंदी येतीलच कशा? कार्ड लिहिणारीचा घोळ असणार, असं म्हणून तिनं पुढच्या सगळ्या ओळी 'चुकीच्या नोंदी' म्हणून बाजूला काढल्या होत्या. नव्या सर्व्हरवर त्या गेल्याच नव्हत्या. त्या आता फक्त करकरणाऱ्या डब्यात होत्या. तीनशे बावन्न ओळी.

"तीनशे बावन्न सोमवार," तानबाजी म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं आष्टीच्या वाटेवरच्या नव्या पिंपळझरीत उतरली. सिमेंटच्या चार गल्ल्या, टोकाला एक विहीर, आणि तिच्या कठड्यावर पत्र्याची पाटी: एकशे त्रेचाळीस. पाटीचे खिळे नवे होते, पण पत्रा जुना, एका कोपऱ्यात वाकलेला. वर कुंकवाचं बोट. रामबाई उईके दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून आली, तानबाजींना वाकून नमस्कार केला, आणि गुंजनकडे पाहून विचारलं की शहरातली बाई उन्हाची कशाले आली.

गुंजननं पाटीवर हात ठेवला. "ही जुन्या विहिरीची ना?"

"हो मंग," रामबाई म्हणाली. "गाव उठलं तवा दारं आणली, चौकटी आणल्या, देवाचा गोटा आणला. विहीर काई उचलून आणता येत नाई. मंग तिची पाटी आणली."

"पण काकू, या विहिरीला नवा नंबर पाहिजे होता."

"तुमच्या हाफिसातला माणूस म्हणे, नवी पाटी धाडतो. सात वर्सं होऊन राह्यले. तवरक पाण्याले बिननावाचं ठेवाव काय?"

तानबाजी दुसरीकडे बघत खाकरले.

मग रामबाईनं घरातून एक कागद आणला. गावाला दुसरी विहीर पाहिजे म्हणून बायांनी केलेला अर्ज. होळी उलटली की या विहिरीत चिखल उरतो आणि दीड कोस चालावं लागतं. सुनावणी चार एप्रिलला आष्टीच्या कचेरीत. साहेब म्हणाले होते, पुरावा पाहिजे. पुरावा म्हणून गावच्या मास्तरांनी अर्जात शेवटी पाटीवरचा पत्ता जसाच्या तसा टाइप केला होता. साहेब संगणकावर तो उघडून पाहणार होते.

गुंजननं तो पत्ता दोनदा वाचला. चार एप्रिलला साहेब तो पत्ता उघडतील, तिची यादी त्यांना हात धरून धरणाखालच्या विहिरीवर नेईल आणि तिथं दिसेल, की या गावात मे महिन्यात चौदा फुटांवर पाणी आहे. सात वर्षं दोर सोडणारी बाई खोटी ठरेल, आणि तिला खोटं ठरवणारी ओळ गुंजनच्या हातची असेल.

परतल्यावर नीलेशभाऊंचा सल्ला सोपा होता: नंबर नव्या विहिरीकडे वळव, काम झालं. गुंजनलाही तेच वाटत होतं. तानबाजी मात्र मान हलवत राहिले. बुडण्याआधी ज्यांनी तो नंबर आपल्या कागदात लिहिला, त्यांना भलत्याच विहिरीवर का न्यायचं? आणि एकेचाळीस फूट तेवढं पाहून साहेबाला कसं कळणार, की या लोकांनी सोडलं काय न् मिळालं काय?

"एका नंबरचा एकच पत्ता असतो, तानबाजी," गुंजन म्हणाली. "संगणकाला दोन सांगता येत नाहीत."

तानबाजींनी जरा विचार केला. "जुन्या पिंपळझरीत डोमा नावाचे दोघं होते. आजा न् नातू, एकाच घरी. नुसतं डोमा लिवून चिठ्ठी ये. मी काय करो? कोणाच्याच हाती देत नोतो. दारात उभा राहो न् विचारो, आजाची का नातवाची? तुह्या त्या यादीले दारात उभं राहता येत नाई काय?"

चार वर्षांच्या कॉलेजात, जाडजूड पुस्तकांत गुंजनला हे कोणी शिकवलं नव्हतं, की पत्ता म्हणजे नुसता बाण नसतो, तिथं एक माणूसही उभा असू शकतो. ती हळूच म्हणाली, "येतं."

त्या पानावरचा मजकूर तानबाजींनी सांगितला आणि तिनं टाइप केला: या क्रमांकाच्या दोन विहिरी आहेत. पहिली धरणाच्या पाण्याखाली आहे, तिच्या नोंदी मे १९९९ पर्यंत. गाव उठताना लोकांनी पाटी सोबत नेली. जून १९९९ पासूनच्या नोंदी नव्या विहिरीच्या आहेत. आपल्याला कोणती पाहिजे? खाली दोन दुवे. बस.

अठ्ठावीस मार्चला ती 'चुकीच्या' ओळी काढायला बसली. डबा २००३ पर्यंत आला आणि थिजला. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा पहिल्यापासून. डिस्क अशी कण्हत होती, की तानबाजींनी रजिस्टर मिटून ठेवलं. तिसऱ्या खेपेला तीनशे बावन्नच्या तीनशे बावन्न ओळी बाहेर पडल्या. गुंजननं त्या नव्या विहिरीच्या नावावर चढवल्या, आणि नोंद करणाऱ्याच्या जागी रामबाईचं नाव लिहिलं. ते तिच्या रचनेत नव्हतं, तिनं तेवढ्यासाठी नवी जागा केली.

एकतीसला भर दुपारी डबा बंद केला. करकर थांबली. गुंजन पिशवी उचलून निघत होती, तर तानबाजी रजिस्टर उघडून बसलेले.

"घर उभं असल्यावर टपाल कोणीबी पोचवते," ते म्हणाले. "घर उठल्यावर पोचते का, ते आता कळन. एक नंबर काढ."

आता चुका शोधायच्या नव्हत्या, नुसतं पोचतं का ते बघायचं होतं, म्हणून पहिल्यापासूनची ही फेरी तीन दिवसांत उरकली. सहाशे बारा नंबरांपुढे शिक्के पडले. एकशे त्रेचाळीसपुढे दोन.

चार एप्रिलला गुंजन सकाळपासून नव्या सर्व्हरची नोंदवही उघडून बसली होती. कोण कोणता पत्ता मागतं त्याची ओळ तिथं उमटते. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी उमटली: जुना पत्ता, एकशे त्रेचाळीस. लगेच दुसरी: बुडालेली विहीर. मग काहीच नाही. एक मिनिट. तीन मिनिटं. साहेब चौदा फुटांवर थांबले, असं तिला वाटलं. तानबाजी मागं उभे होते, हलले नाहीत. अकरा सत्तेचाळीसला तिसरी ओळ आली: नवी विहीर. त्यानंतर २०००, २००१, २००२, एकेक वर्ष उघडत गेलं. पलीकडे कोणीतरी सात वर्षांचे सोमवार सावकाश वाचत होतं.

दुपारी आष्टीच्या एसटीडीवरून रामबाईचा फोन आला. साहेबानं दोन्ही विहिरी पाहिल्या. पाटी का आणली विचारलं, तिनं सांगितलं. विहीर मंजूर झाली असं काही नाही. पण सात वर्षांचं खोटं कोणी इतकं बारीक लिहीत नाही, असं ते म्हणाले, आणि मोजायला माणूस धाडतो म्हणाले.

"म्या म्हटलं, धाडा जी," रामबाईचा आवाज आला. "दोर माह्यापाशी हाये."

गुंजननं नोंदवहीतल्या त्या ओळी छापून तानबाजींपुढे ठेवल्या. इंग्रजीतला तो मजकूर त्यांना वाचता येत नव्हता, फक्त १४३ तेवढं कळलं. त्यांनी तारीख फिरवली, शिक्क्यावर फुंकर मारली आणि कागदाच्या कोपऱ्यात नीट सरळ हाणला. मग आलेली कार्डं गावानुसार लावून ठेवायला गेले.

गुंजननं यादी उघडली. सर्वांत वरची ओळ वाचली, एकतीस मार्च २००७ नंतर काढणे, आणि ती खोडून टाकली.